विळा, कोयता आणि नायलॉनची दोरी

पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे गंगापूर धरणातलं पाणी आणि दुसरं सोसायटीच्या आवारातलं गवत. पाण्याकडे बघायला सरकारी खातं आहे, गवताकडे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. मग एखाद्या रविवारी मीटिंगमध्ये विषय निघतो, "ग्रास कटर घेऊन टाकू या का? कुठला घ्यायचा?" या प्रश्नाचं उत्तर इतिहासात बरंच सापडतं. कसं ते बघा.

घोडे आणि बैल गाड्या ओढत होते तोवर गवत म्हणजे त्या काळचं पेट्रोल होतं. मुंबईच्या तबेल्यांना आणि लष्करी छावण्यांना ते सतत लागायचं. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला घाट उतरलं की जव्हार, डहाणू, तलासरीचा पट्टा लागतो. तिथल्या जमीनदारांचा गवताचा मोठा धंदा होता आणि कापणारे होते वारली. हत्यार एकच, विळा. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली त्यांनी मागणी केली की ५०० रतल, म्हणजे साधारण २२७ किलो गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. संप झाला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. पुढे तो दर जमीनदारांना मान्य करावा लागला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आहे. जरूर वाचा.

हे झालं पोटासाठी कापायचं गवत. नुसतं दिसायला बरं म्हणून गवत कापायची गोष्ट वेगळी. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने हिरवळ कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना आली कापड गिरणीतून. लोकरी कापडाची वर आलेली लव कातरायचं यंत्र त्याने पाहिलं होतं, तेच जमिनीवर चालवलं. पण हे यंत्र सपाट हिरवळीपुरतं. झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाच्या कडेला पुन्हा विळाच.

ती अडचण सुटायला १९७१ उजाडलं. अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस गाडी धुवायच्या केंद्रात बसला होता. फिरणारे ब्रश गाडीचा कोपरान् कोपरा साफ करतात पण रंग खरवडत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. घरी येऊन त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा मोटरवर फिरवला. झालं मशीन तयार! त्याने त्याला नाव दिलं 'वीड ईटर' आणि १९७७ मध्ये कंपनी इमर्सन इलेक्ट्रिकला विकली. ब्रिटनमध्ये याच यंत्राला स्ट्रिमर म्हणतात. आपल्याकडे सरसकट ग्रास कटर.

आता जरा गणित. समजा दोरी ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला ८,००० फेरे मारते. म्हणजे तिच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४५० किलोमीटर! वाटेत खडा आला तर तो कुठे जाईल याचा विचार करा. म्हणून दोरीच्या मागे ते प्लॅस्टिकचं कवच असतं. "मध्ये मध्ये येतं" म्हणून ते काढून ठेवणारे महाभाग आहेत. दोरी संपली की लोखंडी तार बांधणारे तर त्याहून थोर. तार तुटली की तुकडा गोळीसारखा सुटतो. ब्रिटनमध्ये २०१० साली साखळी लावलेल्या हेडची एक कडी उडून शेजारचा कामगार दगावला. त्यानंतर २०१२ मध्ये युरोपियन कमिशनने असल्या जोडणीवर बंदी घालायला लावली. दुकानदाराने साखळीचं हेड दाखवलं तर सरळ नाही म्हणा.

मग घ्यायचं कुठलं? बंगल्यापुढे छोटी हिरवळ असेल तर बॅटरीचं पुरे. वायरवालं स्वस्त पडतं, पण ते ओल्या गवतात चालवू नका आणि लाइनवर ईएलसीबी हवाच. मोकळा प्लॉट किंवा द्राक्षबागेतल्या ओळी असतील तर खांद्यावर पट्टा असलेला पेट्रोलचा ब्रश कटर. वेलीच्या खोडाला दोरी लागू देऊ नका, साल सोलली जाते.

वापरताना डोळ्यांवर गॉगल, पायात बूट, अंगात फुल पँट आणि पूर्ण बाह्या. हे फक्त खड्यांसाठी नाही. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात ठळकपणे दिसलेलं गाजर गवत आता सगळीकडे आहे आणि मशीन त्याचा चोथा अंगावर उडवतं. कातडीला भयंकर खाज सुटते. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटलेलं बरं. कापायच्या आधी काठीने गवत हलवून घ्या, घोणस-मण्यार निघू शकतात. पंधरा मीटरच्या आत कुणी नको. गवत अडकलं तर आधी मशीन बंद करून बॅटरी किंवा प्लगची टोपी काढा, मगच हात घाला.

आता शेवटचं. मशीनचे पैसे आपण देणार, पण बहुतेक वेळा ते चालवणार माळीकाका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोटेशन्स येतात तेव्हा इंजिनाची ताकद आणि वॉरंटी यावर तासभर चर्चा होते. गॉगल आणि बूट कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात. ते दोन आकडे आधी लिहायला लावा. काकांच्या पायाचं माप विचारून घ्या, आणि मग मॉडेल ठरवा.