बंद न पाडता बदलणं

नागपूर ते नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली. नोव्हेंबर २०१९मध्ये ती बंद झाली. कारण चांगलंच होतं, ब्रॉडगेज करायचं होतं. पण मार्ग एकच. जुना रूळ उखडल्याशिवाय त्या जागी नवा पडत नाही. मग नागभीडच्या माणसानं एसटी धरायची आणि वाट बघायची. ही वाट बघणं काही वर्षं चाललं.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. आमच्याकडे या वाट बघण्याला डाउनटाइम म्हणतात आणि तो मिनिटांत मोजतात. बदल करायचा, पण सेवा बंद पाडायची नाही, ही आमच्या धंद्याची जुनी हौस आहे. तिचा नमुना मला चंद्रपुरातच सापडतो.

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी जाते. १९९९मध्ये ती सुरू झाली. उच्च दाबाचा डीसी प्रवाह, क्षमता १५०० मेगावॉट. हिला दोन पोल आहेत, एक धन, एक ऋण. प्रत्येकाचा वाटा ७५० मेगावॉट. एका पोलवर काम निघालं तर तो बंद ठेवून दुसऱ्यावरून निम्मी वीज नेता येते. दुरुस्ती होणारच, हे आखणी करतानाच गृहीत धरलेलं. रेल्वे आणि ही वाहिनी यांच्यातला फरक एवढाच: एकीला जोडीदार नव्हता, दुसरीला होता.

संगणकात हा जोडीदार यायला वेळ लागला. एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालवायची कल्पना आयबीएमनं १९६०च्या दशकातच अमलात आणली आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० या नावानं बाजारात आणली. पुढे १९९८मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि साध्या, स्वस्त यंत्रांवरही हे होऊ लागलं. तरी खालचं खरं यंत्र, म्हणजे होस्ट, बदलायचं तर वरची सगळी यंत्रं बंद करावी लागत.

ती अडचण सुटली २००३च्या सुमारास, व्हीमोशनमुळे. २००५मध्ये केंब्रिजच्या झेन गटानं आपली पद्धत निबंधात मांडली. आभासी यंत्र चालू असतानाच त्याची मेमरी दुसऱ्या होस्टवर उतरवायची. उतरवेपर्यंत काही पानं बदललेली असतात, ती पुन्हा पाठवायची. मग आणखी थोडी. शेवटी इतकं कमी उरतं की यंत्र क्षणभर थांबवून बाकीचं नेता येतं. त्यांनी चालू असलेला क्वेक ३ गेमचा सर्व्हर असा हलवला. थांबण्याचा काळ होता साधारण ६० मिलिसेकंद. खेळणाऱ्याला कळणारही नाही.

आजही क्लस्टर अपग्रेड करायची रीत हीच. एक होस्ट रिकामा करायचा, त्यावरची यंत्रं शेजाऱ्यांकडे पाठवायची, फर्मवेअर आणि हायपरवायझर नवं करायचं, तपासायचं, परत कामाला लावायचं. मग पुढचा. जुन्या-नव्या प्रोसेसरचं जमत नसेल तर नव्याला आपली जास्तीची कौशल्यं झाकून वागायला सांगायचं, नाहीतर यंत्र नव्यावरून जुन्यावर परत जात नाही. एका वेळी एकच होस्ट, हा नियम घाईत मोडायचा नाही.

या सगळ्याची किंमत म्हणजे एक होस्ट कायम जास्तीचा ठेवणं. हिशेबनिसाला तो नुसता बसलेला दिसतो. शिवाय अपग्रेड चालू असताना तोच जास्तीचा होस्ट कामाला लागलेला असतो. त्या तासात दुसरा कोणी पडला, तर आपणही नागभीडच्या माणसासारखे.

आणि म्हणूनच मला गडचिरोलीचा नकाशा बघायची सवय लागली आहे. जिल्ह्यात रेल्वे स्थानक म्हणावं तर देसाईगंज, म्हणजे वडसा, तेही अगदी टोकाला. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. तिथे जास्तीचा रस्ता नाही. सातबारा काढायला किंवा दाखल्याला लांबून आलेल्या माणसाला सर्व्हर डाउन हा शब्द नीट कळतो. त्याची मजुरी बुडते, परतीचं भाडं जातं, उद्याचा दिवस पुन्हा त्याच कामाला.

आम्ही देखभालीची वेळ ठरवताना आलेख बघतो. गर्दी सगळ्यात कमी असेल ती वेळ निवडतो. हे बरोबरच आहे, पण आलेखात विनंत्या मोजल्या जातात, पायपीट नाही. एक विनंती मुंबईत पुन्हा बटण दाबून होते, तीच भामरागडात उद्यावर जाते. साठ मिलिसेकंदांची करामत मला आवडते, त्यातच माझं पोट आहे. पण जोडीदार पहिल्यांदा कुठे द्यायचा, हा प्रश्न विचारताना मी आता क्लस्टरच्या बाहेरही बघतो.