तालमीतला हात

सोलापुरात थोरला मंगळवेढा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे आज मिरवणुकांच्या निमित्ताने अधिक ऐकू येतात. पण तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा आखाडा. कुस्तीत खांदा निखळला, की वस्ताद नाहीतर हाडवैद्य तो ओढून बसवी.

या हाताची वंशावळ जुनी आहे. सुश्रुताने निखळलेल्या सांध्याचे 6 आणि मोडलेल्या हाडाचे 12 प्रकार सांगितले. ओढणे, दाबणे, जुळवणे, मग वड-पिंपळाच्या सालींचा आधार देऊन बांधणे, हा त्याचा क्रम. बांधलेली पट्टी थंडीत 7 दिवसांनी बदलावी, उन्हाळ्यात मात्र तिसऱ्या दिवशी. सोलापूरकरांना याचे कारण सांगायला नको!

कायरोप्रॅक्टिक त्या मानाने कालचे पोर. डॅनियल डेव्हिड पामर यांनी ते 1895 मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केले. मणका सरकल्याने मज्जातंतू अडतात आणि बहुतेक रोग त्यातूनच उद्भवतात, ही त्यांची उपपत्ती. विज्ञानाने ती स्वीकारली नाही. कंबरदुखीत मात्र अशा हस्तोपचाराने काहींना आराम पडतो. हाडवैद्याचा दावा हाडासांध्यापुरता असे; मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

पण हाताला मर्यादा आहेच. मोडलेले हाड निखळलेला सांधा समजून ओढले, तर जवळची रक्तवाहिनी फाटू शकते. गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध तर चोळून जुळत नाही. 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची पुढच्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडवली.