पंचवीसपर्यंत मोजणारी मुलगी

चार्ल्स डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’मधली (१८५५–५७) टॅटीकोरम मला त्या कादंबरीच्या नायिकेपेक्षा अधिक खरी वाटते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमधून मीगल्स दांपत्य तिला आपल्या लाडक्या लेकीची दासी म्हणून आणते. संस्थेने दिलेले नाव हॅरिएट बीडल. घरात हॅरिएटची हॅटी होते, हॅटीची टॅटी, आणि त्याला संस्थापक टॉमस कोरमचे नाव जोडले जाते. सगळे मायेनेच केलेले. पण प्रत्येक हाकेला आपण कुठून आलो ते आठवावे, अशी ती हाक.

१७३९ मध्ये सनद मिळालेल्या या संस्थेत मूल आले की त्याचे नाव खरोखरच बदलले जाई. सुरुवातीच्या काळात आया मुलासोबत खूण ठेवीत : कापडाचा तुकडा, बटण, अर्धे नाणे. पुढे कधी परत न्यायला आलोच तर ओळख पटावी म्हणून. त्या खुणा नोंदीच्या कागदासोबत बंद राहत. मुलाच्या हाती काही येत नसे. तान्हे मूल खेड्यातल्या दाईकडे जाई आणि पाचेक वर्षांचे झाले की पुन्हा लंडनला. म्हणजे जिला ते आई समजत होते, तिच्यापासूनही तुटे. पहिली ताटातूट कुणाला आठवणार? ही दुसरी मात्र जन्मभर पुरत असेल, असे मला वाटते.

डिकन्स काही काळ या संस्थेजवळच, डाउटी स्ट्रीटवर राहत होता. १८५३ मध्ये त्याने विल्ससोबत तिच्यावर लेख लिहिला, तो कौतुकाचा. कादंबरीत त्या कौतुकाला तडा जातो. टॅटीकोरमला संताप आला की मीगल्स सांगतात, पंचवीसपर्यंत मोज. ती मोजते. एकदा मोजत नाही, आणि मिस वेड या दुसऱ्या अनाथ स्त्रीकडे पळून जाते.

मिस वेडला स्वतःची कहाणी सांगायला डिकन्स अख्खे प्रकरण देतो. टॅटीकोरमला नाही. ती पश्चात्ताप करीत परतते, यापुढे मोजीन म्हणते, आणि मीगल्स तिला कर्तव्याचा धडा देतात. इथे माझे लेखकाशी भांडण आहे. बाप कर्जापायी तुरुंगात असताना बाराव्या वर्षी ज्याने बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याला हा राग परका नव्हता. डेव्हिड कॉपरफिल्डला त्याने तो प्रथमपुरुषात बोलू दिला. डेव्हिडला कुणी पंचवीसपर्यंत मोजायला लावले नाही.