रंगांच्या भीतीतून आलेला कायदा

आजचा विषय नाव ऐकूनच जांभई यावी असा आहे: अँटी-डम्पिंग ड्युटी. बातमीत हा शब्द आला की पाठोपाठ 'चीन' येतो आणि आपण पुढे स्क्रोल करतो. पण या कायद्याच्या इतिहासात कपडे रंगवायच्या रंगांचा मोठा वाटा आहे. आणि त्यात आरोपीच्या जागी एकदा आपला महाराष्ट्रही उभा होता.

आधी डम्पिंग म्हणजे काय ते बघू. नुसतं स्वस्त विकणं म्हणजे डम्पिंग नाही. एखादी कंपनी स्वतःच्या देशात जो माल 100 रुपयांना विकते, तोच आपल्याकडे 70 ला पाठवत असेल, तर ते डम्पिंग. फरक 30, त्याला 70 ने भागायचं, म्हणजे मार्जिन जवळपास 43 टक्के. तेवढ्यानं भागत नाही. इथल्या उत्पादकांचं नुकसान झालंय, आणि ते याच मालामुळे झालंय, हेही सिद्ध करावं लागतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला यात तीन अटींचं इफ-एल्स दिसतं. तिन्ही खऱ्या, तरच ड्युटी.

असा पहिला कायदा कॅनडानं 1904 मध्ये केला. रंगांची गोष्ट त्यानंतर सुरू होते. म्हणजे मुळात 1856 मध्ये लंडनला 18 वर्षांच्या विल्यम पर्किनला प्रयोग करताना जांभळा रंग सापडला होता, पण धंदा उभा केला जर्मनांनी. 1897 मध्ये बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातल्या नैसर्गिक निळीच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं. 1914 ला युद्ध पेटलं तेव्हा जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीतून येत होते. ब्रिटिशांच्या नाकेबंदीनं ते अडकले. मग जुलै 1916 मध्ये 'डॉइचलांड' नावाची जर्मन मालवाहू पाणबुडी लपतछपत अमेरिकेत, बाल्टिमोरला पोचली. तिच्या पोटात काय होतं? मुख्यतः रंग! चढ्या भावाला विकायचे म्हणून पाणबुडीतून रंग नेले, हे मी वाचलं तेव्हा दोनदा खात्री करून घेतली.

तोवर ब्रिटन-अमेरिकेत रंगांचे नवे कारखाने उभे राहू लागले होते. युद्ध संपल्यावर त्यांना एकच धास्ती: जर्मन परत येणार आणि भाव पाडून आपल्याला संपवणार. ब्रिटननं 1920 मध्ये कायदाच केला, परवान्याशिवाय रंग आणायचे नाहीत, दहा वर्षं. अमेरिकेनं मे 1921 मध्ये इमर्जन्सी टॅरिफ ॲक्ट आणला. त्यात एक भाग अँटी-डम्पिंगचा आणि दुसरा रंग-रसायनांच्या आयातीवर नियंत्रणाचा, दोन्ही एकाच कायद्यात. 1947 च्या गॅट करारात अँटी-डम्पिंगचं जे कलम आलं, त्यावर या अमेरिकन कायद्याची छाप आहे. भारत त्या कराराचा संस्थापक सदस्य.

आता आपल्याकडे येऊ. सल्फॅनिलिक ॲसिड हे ॲनिलिनपासून बनणारं रसायन. खाण्याचे रंग, कागद-कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात ते ब्राइटनर, अशा गोष्टींत ते लागतं. मार्च 1993 मध्ये अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या या मालावर ड्युटी लावली. डम्पिंगचं मार्जिन काढलं 114.80 टक्के. शिवाय सरकारी सवलतींबद्दल 43.71 टक्के वेगळी ड्युटी. एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा नको म्हणून पहिल्यातून दुसरी वजा केली, राहिले 71.09. तरी एकूण भार शंभराच्या वरच! आणि ही ड्युटी दर पाच वर्षांनी तपासायची असते, तशी तपासत 2017 सालीही ती चालूच ठेवली. एका रसायनासाठी चोवीस वर्षं.

युरोपनं 2002 मध्ये तेच केलं, फक्त जरा सौम्यपणे: 18.3 टक्के. तिथे मुंबईच्या कोकण सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीनं वेगळा रस्ता धरला. ठरलेल्या भावाखाली विकणार नाही असा लेखी शब्द दिला आणि ड्युटी टाळली. पुढे तो शब्द मागे घेतला, मग 2006 च्या सुमारास पुन्हा दिला. मला या सगळ्या प्रकरणात हीच बाजू सगळ्यात वाचनीय वाटते. स्वस्त विकू नका, असं ब्रसेल्सला बसून मुंबईतल्या कंपनीला सांगितलं जातंय. 2014 मध्ये युरोपनं भारतावरची ड्युटी काढली, चीनवरची ठेवली.

भारतही गप्प बसलेला नाही. 1992 मध्ये पीव्हीसी रेझिनपासून आपले तपास सुरू झाले, 1995 मध्ये सध्याचे नियम आले, आणि आज हा कायदा सर्वाधिक वापरणाऱ्या देशांत आपण आहोत. तपास करतं दिल्लीतलं डीजीटीआर, पण ड्युटी लावायची की नाही हे ठरवतं अर्थ मंत्रालय.

आपल्या पट्ट्याशी याचा संबंध? मार्च 2024 मध्ये चीनच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा तपास सुरू झाला. हा डाय नाही, पिगमेंट आहे, पण चाकणला जी पांढरी गाडी लाइनवरून उतरते तिचा पांढरेपणा यातूनच येतो. मे 2025 मध्ये ड्युटी लागली. माझे मामा भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंग करतात. पांढऱ्या पावडरचा भाव त्यांना रोजचा. ते म्हणाले, "अरे, पिगमेंट बनवणाऱ्याचं नुकसान मोजलं. माझं कोण मोजतंय?"

नियम बघितले. अर्ज करायचा हक्क फक्त उत्पादकांना, आणि अर्जामागे देशातल्या किमान 25 टक्के उत्पादनाचा पाठिंबा लागतो. माल वापरणारा उद्योग आपली माहिती देऊ शकतो, त्यासाठी वेगळी प्रश्नावली असते. मामांना तसं सांगितलं. ती इंग्रजीत असते, पानं भरपूर, आणि आकडे मागतात ते वर्षावर्षांचे. मामांच्या शॉपवर सहा माणसं आहेत, मामा धरून. हिशेबाचं काम रविवारी मामी बघतात.