संध्याकाळचे वर्ग आणि भाषेची निवड

साक्षरतेच्या इतिहासात लिपी, पाठ्यपुस्तके आणि शाळा यांची चर्चा होते. वर्ग कोणत्या वेळी भरत होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १८५५ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात रात्रशाळा काढली ती शेतकरी-मजुरांसाठी, कारण त्यांचा दिवस कष्टात जात असे. शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात शाळकरी मुलांसाठी संगणकाचे वर्ग संध्याकाळी भरू लागले. तेथे मुले दिवसा शाळेत असत आणि यंत्र कंपनीच्या कामात. यंत्र विद्यार्थ्याच्या वाट्याला येई ते दिवस मावळल्यावरच.

हे वर्ग बॉब अल्ब्रेक्ट यांनी १९६२ मध्ये सुरू केले. ते तेव्हा कंट्रोल डेटा या संगणक कंपनीत नोकरीस होते. जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधील मुलांसमोर बोलताना त्यांनी संगणक शिकण्याची इच्छा कोणाकोणाला आहे, असे विचारले. ३२ मुले तयार झाली. हाताशी यंत्र होते सीडीसी १६०ए, मेजाएवढ्या आकाराचे, आणि भाषा होती फोरट्रान. लवकरच शिकलेली मुलेच इतरांना शिकवू लागली. जाणत्या पिढीने नवख्या पिढीला ज्ञान द्यावे, ही शिक्षणाची नेहमीची दिशा येथे बदलली.

परंतु खरा प्रश्न भाषेचा होता. १९५७ मध्ये आयबीएमने आणलेली फोरट्रान ही शास्त्रज्ञ आणि अभियंते यांची भाषा. ओळीतील कोणत्या रकान्यात काय लिहायचे याचे कडक नियम. साधी संख्या छापायची तरी तिच्या मांडणीचे स्वतंत्र वर्णन लिहावे लागे. पहिले वाक्य लिहिण्याआधी सारे व्याकरण पाठ करण्यासारखाच हा प्रकार होता. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणितज्ञांनी बेसिक ही भाषा सिद्ध केली, ती विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. अल्ब्रेक्ट यांनी बेसिकचा पक्ष घेतला आणि फोरट्रानचे अध्यापन बंद व्हावे म्हणून अर्धवट थट्टेत एक मंडळच काढले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी ‘पीपल्स कम्प्युटर कंपनी’ हे नियतकालिक सुरू केले. संगणक माणसांवर नियंत्रण ठेवण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या मुक्तीसाठी वापरला जावा, ही त्याची भूमिका होती.

या भूमिकेला विरोधही झाला. १९७५ मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी बेसिकवर कठोर टीका केली: या भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला पुढे उत्तम लेखन शिकवणे जवळजवळ अशक्य, असे त्यांचे मत होते. साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद अपरिचित वाटू नये. संस्कृत सोडून देशी भाषेत लिहिण्याचा, प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद आपल्याकडेही याच वळणाने गेला आहे. एका बाजूस शुद्धतेची काळजी, दुसऱ्या बाजूस प्रवेशाची. डाइक्स्ट्रा यांची काळजी निराधार नव्हती. शिस्तीवाचून लेखन पोसत नाही. पण दारच उघडले नाही, तर शिस्त लावायची कोणाला?

संध्याकाळच्या त्या वर्गांचे महत्त्व किती मुले पुढे अभियंते झाली, यावर ठरत नाही. वाचता येणारा आणि लिहिता येणारा यांत अंतर असते. यंत्राने दिलेले उत्तर निमूटपणे स्वीकारणारा केवळ वाचक असतो; त्या उत्तरामागील सूचना लिहू शकणारा त्यांच्याविषयी शंकाही घेऊ शकतो. साक्षरतेकडून आपली अपेक्षा याहून निराळी कधी होती?