न जुळलेला कोपरा : संगणकीय वास्तुआरेखनातील दोषांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

वास्तुआरेखनाच्या कार्यालयात संगणक येण्यापूर्वी चुकीवरचा इलाज डोळ्यांना दिसत असे. ट्रेसिंग कागदावर शाईने ओढलेली रेषा चुकली, तर आरेखक ब्लेडच्या कडेने ती हलकेच खरवडून काढी, खरवडलेली जागा नखाने घोटून गुळगुळीत करी आणि तिच्यावर पुन्हा रेषा ओढी. अमोनिया प्रिंट काढल्यावर त्या जागी पुसटसा डाग उमटे. जाणकाराला त्या डागावरून कळे की येथे काहीतरी बदलले आहे. संगणकीय नकाशात असा डाग राहत नाही. तेथील चूक बहुधा अदृश्य असते, आणि तिच्यावरचा उपाय एखाद्या मंत्रासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो : ‘ऑडिट चालव’, ‘पर्ज कर’, ‘युनिट्स तपास’. मंत्र बहुतेक वेळा लागू पडतो. मात्र तो का लागू पडला, हे सांगणारा क्वचित भेटतो.

घरांचे आराखडे करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील नित्याच्या तक्रारी या केवळ यंत्राच्या लहरी नाहीत. त्यांपैकी बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी विशिष्ट काळी, विशिष्ट यंत्रमर्यादेत घेतलेले निर्णय आहेत. यंत्रे बदलली तरी ते निर्णय फाइलींच्या रचनेत टिकून राहिले. प्रस्तुत लेखात अशा काही दोषांचा त्यांच्या उगमापर्यंत मागोवा घेतला आहे.

सामाईक बिंदू आणि सुटे बिंदू

आरंभ १९६३ पासून करावा लागतो. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याची ती पद्धती होती. तिची खरी महत्ता पडद्यावर रेषा उमटण्यापेक्षा बिंदूंच्या नोंदीत होती. एका कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन रेषांचा बिंदू तेथे सामाईक असे. बिंदू हलवला की दोन्ही रेषा त्याच्यामागे जात. रेषा समांतर, लंब वा समान लांबीच्या असाव्यात, अशी बंधने घालता येत आणि हाताने काढलेली वेडीवाकडी आकृती संगणक त्या बंधनांत बसवून घेई. कोपरा न जुळण्याचा प्रश्नच त्या रचनेत फारसा उद्भवत नव्हता.

पुढे जवळजवळ दोन दशकांनी, १९८२ मध्ये, जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन केली. माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या आधीच्या प्रणालीवर आधारलेले ऑटोकॅड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात मांडले गेले. हे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील महासंगणकासाठी नव्हते. टेबलावर मावणाऱ्या ज्या यंत्रांसाठी ते होते, त्यांपैकी झेड-८० प्रक्रियक असलेल्या यंत्राला एका वेळी ६४ किलोबाइटांपलीकडची स्मृती थेट हाताळता येत नसे. अशा यंत्रावर बंधनांचे जाळे वाहून नेणे व्यवहार्य नव्हते. ऑटोकॅडमधील प्रत्येक रेषा ही स्वतंत्र नोंद झाली. तिला स्वतःचे दोन टोकबिंदू. दोन भिंती एका कोपऱ्यात मिळतात, ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्याला कळते, फाइलीला ठाऊक नसते.

येथे एका फार परिचित तक्रारीचा उगम आहे. खोलीत छायारेषा भरण्याची आज्ञा दिली की संगणक सीमा बंद नसल्याचे सांगतो. पडद्यावर तर कोपरा स्पष्ट मिळालेला दिसतो. तो भाग शेकडो पट मोठा केला की रेषांच्या टोकांमधली केसाएवढी फट दिसते. रेषा काढताना ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ लावणे, टोके ‘फिलेट’ आज्ञेने शून्य त्रिज्येवर जुळवणे, फट किती चालवून घ्यावी हे ‘गॅप टॉलरन्स’ने ठरवणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय. यांतील शेवटचा उपाय सोयीचा असला तरी तो दोष झाकतो, दूर करत नाही. बंधनांवर आधारलेले आरेखन ऑटोकॅडमध्ये ‘ऑटोकॅड २०१०’ या आवृत्तीपासून आले. म्हणजे स्केचपॅडमध्ये जे होते, ते या सर्वाधिक परिचित सॉफ्टवेअरमध्ये परत येण्यास सुमारे सेहेचाळीस वर्षे लागली.

छायारेषा भरली नाही तर निदान चूक कळते. क्षेत्रफळाच्या बाबतीत तसे नाही. न मिटलेल्या बहुरेषेचे क्षेत्रफळ विचारल्यास ऑटोकॅड पहिल्या व शेवटच्या बिंदूंना सरळ रेषेने जोडलेले गृहीत धरते आणि उत्तर देते. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीचे तीनच कोपरे बहुरेषेत नोंदले गेले, तर उत्तर १२ ऐवजी ६ चौरस मीटर येईल, आणि कोणतीही सूचना मिळणार नाही. इतकी ढोबळ चूक नजरेत भरेल. सज्जाचा एखादा कोपरा निसटला तर ती भरणार नाही. महाराष्ट्रात या आकड्याला कायद्याचे वजन आहे. चटई क्षेत्र निर्देशांक त्यावर ठरतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार सदनिकेचे चटई क्षेत्र जाहीर करावे लागते. पुण्यात विकसित झालेल्या ‘ऑटोडीसीआर’सारख्या संगणकीय छाननी प्रणालींनी तर नकाशाकडून ठराविक थर आणि बंद बहुरेषा यांचीच अपेक्षा ठेवली. पूर्वी कागदी नकाशा तपासणारा अधिकारी तीन रेषा पाहून चौथी मनाने पुरी करीत असे. छाननीच्या संगणकाकडे हे औदार्य नाही, आणि ते नसणे एका अर्थी बरेच आहे.

नाव नसलेले एकक

दुसरा दोष मोजमापाचा. ऑटोकॅडच्या फाइलीतील अंतर हे मुळात केवळ संख्या असते. ‘१’ म्हणजे मिलिमीटर, मीटर की इंच, हे आरेखकाच्या मनात असे. फूट-इंचांच्या ‘आर्किटेक्चरल’ पद्धतीत मात्र एक एकक म्हणजे एक इंच असे गृहीत धरले जाते. पुढे फाइलीला एककाचे नाव जोडण्याची सोय झाली. पण अनेकांच्या फाइलींत ते नाव चुकीचे वा रिकामेच राहिले. परिणामी दुसऱ्या फाइलीतून आणलेला दरवाजा कधी २५.४ पट मोठा होतो, तर कधी हजार पट लहान होऊन दिसेनासा होतो. २५.४ हा आकडा दिसला की इंच व मिलिमीटर यांची गल्लत आहे, असे खुशाल समजावे. प्रमाण बदलण्याच्या आधी ज्याचे माप निश्चित ठाऊक आहे अशी वस्तू, उदाहरणार्थ दरवाजाची रुंदी, मोजून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो.

या प्रश्नाला महाराष्ट्रात आणखी पदर आहेत. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये होतो, सातबारावर हेक्टर व आर असतात, शेतकरी गुंठ्यांत बोलतो, सदनिका घेणारा चौरस फुटांत विचारतो आणि ठेकेदार ब्रासमध्ये हिशेब करतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, किंवा वाळू-खडीच्या बाबतीत १०० घनफूट. एकाच घराच्या कागदपत्रांत ही सारी मापे नांदतात, आणि संगणकातील अनामिक एकक त्यांच्या मध्ये उभे असते.

एककाचे नाव लिहूनही गोंधळ संपतोच असे नाही. अमेरिकेत १९५९ मध्ये फूट ०.३०४८ मीटर असा निश्चित झाला. पण भूमापनासाठी जुना फूट चालू राहिला. दोहोंतील फरक दहा लाख फुटांमागे सुमारे दोन फूट. हा भूमापन-फूट तेथे २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे निवृत्त करण्यात आला. घराच्या नकाशात हा फरक जाणवणारही नाही. राज्यव्यापी निर्देशांकांवर बसवलेल्या भूखंडात मात्र घर शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकते.

दूरच्या निर्देशांकांचा त्रास आपल्याकडेही होतो, जरी त्याचे कारण निराळे असले तरी. उपग्रहाधारित मोजणीनंतर भूखंडाचा नकाशा बहुधा यूटीएम निर्देशांकांत मिळतो. पुण्यातील एखाद्या जागेचे विषुववृत्तापासूनचे अंतर या पद्धतीत वीस लाख मीटरांहून अधिक भरते. मिलिमीटरमध्ये लिहिले तर ही संख्या दहा अंकी होते. फाइल पंधरा-सोळा सार्थ अंक सांभाळते, त्यामुळे नोंद बिघडत नाही. पडद्यावर चित्र दाखवणारा भाग मात्र पुष्कळदा सातच अंकांवर काम करतो. मग वर्तुळे खडबडीत दिसतात, छायारेषा भरत नाहीत, रेषा थरथरल्यासारख्या भासतात. घराचा आराखडा मूळबिंदूजवळ काढावा आणि भूखंडाच्या फाइलीशी त्याचा संबंध संदर्भफाइल म्हणून जोडावा, या सल्ल्यामागचे कारण हे आहे.

रंग म्हणजे पेन

नकाशा छापल्यावर सर्व रेषा एकाच जाडीच्या आल्या, ही तक्रार विद्यार्थ्यांकडून वारंवार येते. तिचे मूळ पेन-प्लॉटरमध्ये सापडते. १९८० च्या दशकातील प्लॉटरमध्ये खरीखुरी पेने बसवलेली असत. १९८३ च्या एचपी ७४७५ए या यंत्रात अशी सहा पेने होती. कोणत्या रेषेसाठी कोणते पेन उचलायचे, हे यंत्राला सांगण्याचा सोपा मार्ग म्हणजे रंगाचा क्रमांक. लाल १, पिवळा २, हिरवा ३, याप्रमाणे. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे कागदावरचा लाल रंग नव्हे. तो एका विशिष्ट जाडीच्या पेनचा पत्ता होता.

पुढे पेने गेली, शाई फवारणारी यंत्रे आली. पत्ता तसाच राहिला. रंगावरून जाडी ठरवणारी ‘सीटीबी’ ही तक्त्याची फाइल नकाशाच्या फाइलीबाहेर असते. नकाशा पाठवताना ती सोबत गेली नाही, तर दुसऱ्या यंत्राला रंगाचा अर्थ कळत नाही. उपाय साधा आहे : नकाशासोबत ती फाइल आणि संदर्भफाइली यांचे एकत्र गाठोडे पाठवावे. ऑटोकॅडमधील ‘ई-ट्रान्समिट’ ही आज्ञा हेच करते.

फाइलीबाहेर राहिलेली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अक्षरे. प्लॉटरच्या पेनला सोयीची म्हणून ऑटोकॅडची ‘एसएचएक्स’ अक्षरे एकेरी रेषांनी घडवलेली होती. देवनागरीला त्या व्यवस्थेत जागा नव्हती. महाराष्ट्रातील कार्यालयांनी मराठी मजकुरासाठी संकेतबद्ध फॉन्टांचा आधार घेतला. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट असलेल्या यंत्रावर ‘स्वयंपाकघर’ दिसे, नसलेल्या यंत्रावर त्याच जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण डीडब्ल्यूजी फाइलीतील मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाऊ लागला तो २००७ च्या स्वरूपापासून. त्याआधीचे मराठी नकाशे आज उघडताना मूळ फॉन्ट मिळवण्यावाचून किंवा मजकूर रूपांतरित करण्यावाचून इलाज नाही. ट्रेसिंग कापडावरचे त्याहून जुने मराठी नकाशे विनासायास वाचता येतात, हे अभिलेखांच्या अभ्यासकाने विसरू नये.

बंद स्वरूप आणि उघडे दार

डीडब्ल्यूजीचे अंतर्गत स्वरूप कंपनीने खुले केले नाही. देवाणघेवाणीसाठी डीएक्सएफ हे वेगळे स्वरूप १९८२ पासूनच दिले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपनडीडब्ल्यूजी अलायन्सने बाहेरून अभ्यास करून डीडब्ल्यूजी वाचण्या-लिहिण्याची साधने उभी केली. त्यामुळे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या फाइली प्रचारात आल्या आणि ‘फाइल उघडत नाही’ या तक्रारीला अनेक कारणे संभवू लागली. निदानाची एक सोपी खूण आहे. फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून तिची पहिली सहा अक्षरे पाहावीत. ‘एसी १०१५’ म्हणजे २००० चे स्वरूप, ‘एसी १०२१’ म्हणजे २००७ चे, ‘एसी १०३२’ म्हणजे २०१८ चे. ही अक्षरे नीट दिसत असतील आणि आपले सॉफ्टवेअर त्या स्वरूपाहून जुने असेल, तर फाइल खराब नाही, केवळ पुढच्या काळातली आहे. अक्षरेच नसतील तर ‘रिकव्हर’ आज्ञा आणि ‘बीएके’ ही मागील प्रत, या क्रमाने प्रयत्न करावा.

एका बाबतीत ऑटोकॅडचे दार सताड उघडे होते. १९८६ मध्ये त्यात ऑटोलिस्प ही भाषा आली आणि लहानसहान कार्यालयेही आपापल्या आज्ञा लिहू लागली. ठराविक नावाची लिस्प फाइल नकाशाच्या कप्प्यात असली की ती आपोआप चालू होई. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘मेड्रे’ या उपद्रवी प्रणालीने याच सवलतीचा लाभ घेऊन, मुख्यतः पेरू देशातून, हजारो नकाशे चीनमधील ई-मेल खात्यांकडे परस्पर पाठवले. ‘ऑटोकॅड २०१४’मध्ये विश्वासातील कप्पे ठरवण्याची व्यवस्था आली. नकाशांच्या कप्प्यात आपण न ठेवलेली ‘अकॅड’ नावाची एलएसपी वा एफएएस फाइल दिसल्यास ती न चालवता वेगळी काढावी, हा सल्ला त्या घटनेनंतर अधिक गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

बंधनांचे पुनरागमन

रेषेऐवजी भिंत हीच नोंद मानणारी सॉफ्टवेअर या इतिहासात समांतर चालत आली. बुडापेस्टच्या ग्राफीसॉफ्टचे आर्किकॅड १९८० च्या दशकातले. रेव्हिट २००० मध्ये आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले. घरगुती वापरात लोकप्रिय झालेले स्केचअपही २००० सालचेच. तेथे पृष्ठ न बनण्याची तक्रार जुन्या फटीचीच बहीण आहे : कडांची साखळी मिटलेली नसते, किंवा एखादा बिंदू इतरांच्या प्रतलाबाहेर असतो.

रेव्हिटमध्ये भिंती परस्परांना ओळखतात आणि कोपरे सहसा आपोआप जुळतात. सदरलँड यांची बंधने येथे नव्या रूपात परतली, आणि त्यांच्यासोबत एक नवा दोषही आला. परस्परविरोधी बंधने घातली गेली की बंधने पाळता येत नाहीत, असा इशारा येतो आणि ती काढून टाकण्याचे बटण पुढे केले जाते. घाईतला आरेखक ते दाबतो. नकाशा सुरळीत होतो. पण दोन भिंतींमधील अंतर कायम ठेवण्याची जी अट कोणीतरी विचारपूर्वक घातली होती, ती निघून जाते, आणि तिच्या जाण्याचा डागही कोठे उमटत नाही.

चार मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीचा कोपरा येथेही उघडा राहू शकतो. फरक इतकाच की क्षेत्रफळाच्या रकान्यात ६ हा आकडा येत नाही. तेथे ‘नॉट एन्क्लोज्ड’ असे दोन शब्द येतात आणि कोपरा शोधून मिटवेपर्यंत जात नाहीत.