नाशिकच्या मतदाराचा कौल : १९५७ आणि १९६२

निवडणुका जवळ आल्या म्हणजे आपल्या संघाच्या कार्यालयात वर्दळ वाढते, हे ज्ञातिबांधवांस विदितच आहे. येणारे गृहस्थ कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांचे मागणे एकच असते : समाजाची एकगठ्ठा मते आम्हांस मिळावीत. आपल्यातील काही उत्साही मंडळी तसे आश्वासन देऊनही टाकतात. मते अशी कोणाच्या मुठीत असतात काय, हे पाहावयाचे तर आपल्याच नाशिकचा इतिहास चाळावा.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे गोविंद हरि देशपांडे येथून लोकसभेवर गेले. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई ताजी होती. बैलजोडीस मत देणे पुष्कळांस कर्तव्यच वाटे. पुढील पाच वर्षांत मात्र वारे फिरले. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल, मुंबईतील गोळीबार आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी माथी बसलेले द्वैभाषिक राज्य यांमुळे मराठी माणूस दुखावला गेला. त्यातच द्वैभाषिकाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्याचे भाऊसाहेब हिरे यांस १११ आणि यशवंतराव चव्हाणांस ३३३ मते पडली. ही गोष्ट नाशिककरांस लागली नसेल, असे म्हणवत नाही.

१९५७ साली लोकसभा व विधानसभा यांचे मतदान बरोबरच झाले. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामकरी पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ही एरवी परस्परांशी भांडणारी मंडळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आली होती. नाशिकच्या लोकसभेच्या जागेसाठी समितीच्या पाठिंब्याने उभे होते फेडरेशनचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हेच दादासाहेब २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख धुरीण होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील तो लढा वर्षानुवर्षे चालला. तरी मंदिराचे दार उघडले नाही. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी त्या वेळी दाराच्या कोणत्या बाजूस उभी होती, हे ज्याचे त्याने आपल्या घरी विचारावे. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी त्याच नाशिकने गायकवाडांना दिल्लीस पाठविले. सर्व जातींचे मतदार मत देत असताना एका समाजाच्या बळावर ते निवडून येणे शक्यच नव्हते. गावोगावच्या सवर्ण घरांतून त्यांस मते पडली, यात संशय नाही. ती प्रेमाने पडली असे मी म्हणणार नाही. पुष्कळांनी मन घट्ट करून, केवळ महाराष्ट्रासाठी दिली असतील. परंतु ज्यास देवळात येऊ दिले नाही त्यास आपला प्रतिनिधी म्हणून निवडणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मतदानाची त्या काळची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिजवर त्याची निशाणी चिकटविलेली असे. मतदाराने आडोशास जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत रूढ झाली. पाटलाने वा पंचांनी बाहेर काय बजावले, ते आडोशाच्या बाहेरच राही. एकगठ्ठा मतांची हमी देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. मुख्यमंत्री चव्हाणही कराडला थोडक्या मतांनी तरले. मुंबई विधानसभेच्या ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या खऱ्या, पण त्या बव्हंशी गुजरात, विदर्भ व मराठवाड्याच्या आधारावर.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे ऐक्य संपले. १९६२ साली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. नाशिकची लोकसभेची जागाही पुन्हा देशपांड्यांकडे आली. मतदार चंचल, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. विहिरीस पाणी लागले म्हणजे पहारी खांद्यावर टाकून माणसे घरी जातात, तसे ते झाले. खंत एवढीच, की १९५९ साली दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तेव्हा, महाराष्ट्रासाठी त्यांच्यामागे आलेली सवर्ण घरे त्या प्रश्नासाठी आली नाहीत.

पुढचा प्रसंग तर विलक्षणच. चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्री झालेल्या चव्हाणांस लोकसभेची जागा हवी होती. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांस बिनविरोध निवडून दिले. द्वैभाषिकाच्या ज्या मुख्यमंत्र्याविरुद्ध सहा वर्षांपूर्वी रान उठले होते, ते हेच गृहस्थ!

हे सारे जुने झाले, असे तरुण वाचक म्हणतील. त्यांनी स्वतः पाहिलेलेच आठवावे. २००९ साली शहरातील विधानसभेच्या तिन्ही जागा महाराष्ट्र नवनिर्माण सेनेस मिळाल्या आणि २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४०. २०१४ साली त्याच तिन्ही जागा भारतीय जनता पक्षाकडे गेल्या. २०१७ मध्ये महापालिकेत त्या पक्षाचे ६६ आणि नवनिर्माण सेनेचे अवघे ५ नगरसेवक आले. मतदार बव्हंशी तेच, त्यांच्या जातीही त्याच. अपेक्षा पुरी झाली नाही म्हणून कौल बदलला.

तेव्हा सर्वसाधारण सभेत संघाच्या नावे कोणा पक्षास पाठिंबा देण्याचा ठराव आल्यास माझा त्यास विरोध राहील, हे आताच नमूद करून ठेवतो. जी वस्तू संघापाशी नाही ती देऊ करणे उचित नव्हे.

१९५७ ची निवडणूक प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता घरोघर विरळाच. कोणाकडे त्या वेळची समितीची पत्रके, मतदारांच्या चिठ्ठ्या किंवा सभांची छायाचित्रे असतील, तर ती कृपा करून कार्यालयात दाखवावीत. नकला करून घेऊन मूळ कागद जपून परत केले जातील.